बाळ कोणत्या देशाचं?



गेल्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका मावशींनी पेढे वाटले. लेकीला दुबईत मुलगा झाला. पेढा खाता खाता कुणीतरी विचारलं, "मग बाळ तिकडचं की आपलं?" उत्तर शोधायला आम्ही बसलो, तर आपल्याच कायद्यातली एक जुनी गोष्ट हाती लागली.

१९५५ साली आपल्या देशात नागरिकत्वाचा कायदा झाला. परदेशात जन्मलेलं मूल वडील भारतीय असतील तरच जन्मापासून भारतीय ठरायचं. आई भारतीय आणि वडील परदेशी, तर आईचं नागरिकत्व मोजलंच जात नसे. मतदानाचा हक्क आपल्याला पुरुषांइतकाच मिळाला होता, पण स्वतःचा देश लेकराला देण्याचा हक्क नव्हता. हे ३७ वर्षं चाललं.

१९९२ मध्ये संसदेने कायदा बदलला. त्या वर्षीच्या १० डिसेंबरपासून जन्मलेल्या मुलांसाठी आई किंवा वडील, दोघांपैकी एक भारतीय असलं तरी चालू लागलं. त्याआधी जन्मलेल्यांना मात्र जुनाच नियम राहिला. आजही जगातल्या वीसहून अधिक देशांत आईला हा हक्क बापाच्या बरोबरीने नाही.

मग मावशींच्या नातवाचं काय? त्याचे आईवडील दोघेही भारतीय. पण ३ डिसेंबर २००४ पासून नुसतं तेवढं पुरत नाही. जन्मापासून वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असंही आईवडिलांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. दुबईत नुसत्या जन्माने तिथलं नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे नोंद राहिली, तर बाळ ना इथलं ना तिथलं.

अमेरिकेत जन्मलेलं मूल सहसा जन्मानेच तिथलं नागरिक होतं. आपला कायदा मोठ्या माणसाला दोन देशांचं नागरिकत्व ठेवू देत नाही. अशा मुलाची इथेही नोंद झाली असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्याने दुसरं नागरिकत्व सोडायचं, नाहीतर भारताचं जातं. पुष्कळजण ओसीआय कार्ड काढतात, पण ते नागरिकत्व नव्हे. त्यावर मत देता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लागतं. कागदावर आई यायला किती वर्षं गेली, ते आपण पाहिलंच. आता आलेला हक्क मुदतीत वापरणं आपल्या हाती आहे.

मावशींनी बैठकीतूनच फोन लावला. "अगं, बाळाची वकिलातीत नोंद केलीस का?"