विलक्षण कल्पना आणि तिची कसोटी

जीवजाती एकेकट्या नष्ट होतात, तशा क्वचित् थव्याथव्यानेंही नाहींशा होतात. अशा सामुदायिक नाशाचें मूळ पृथ्वीवरील आकस्मिक उत्पातांत आहे, असें फ्रान्सच्या क्युव्हिएचें मत होतें. परंतु १८३० नंतर लायेलचा सिद्धांत विद्वन्मान्य झाला आणि 'आज जीं कारणें मंदगतीनें कार्य करितात, तींच पूर्वींही करीत होतीं' हा दंडक होऊन बसला. त्यामुळें १९५६ सालीं डी लॉबेनफेल्स या प्राणिशास्त्रज्ञानें डायनोसॉरांचा नाश उल्कापातानें झाला असावा असें सुचविलें, तेव्हां त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं.

१९८० सालीं तीच कल्पना अमेरिकेंतील बर्कले येथून पुन्हां पुढें आली. मात्र या खेपेस ती पुरावा घेऊन आली. नोबेल पारितोषिकाचे मानकरी लुई अल्वारेझ, त्यांचे भूगर्भशास्त्रज्ञ पुत्र वॉल्टर, आणि आसारो व मिशेल हे रसायनज्ञ यांनीं इटलींतील गुब्बिओजवळच्या चुनखडकांत दडलेला सेंटिमीटरभर जाडीचा मातीचा थर तपासला. भूपृष्ठावर दुर्मिळ, पण उल्कांत पुष्कळ असणारा इरिडियम धातु त्यांत नेहमींच्या सुमारें तीसपट आढळला. सुमारें दहा किलोमीटर व्यासाचा पाषाण अंतराळांतून आदळला व धुळीनें सूर्यप्रकाश कोंडला, असें त्यांनीं अनुमान काढिलें. कित्येक भूगर्भवेत्त्यांना तें रुचलें नाहीं. पण १९९१ सालीं मेक्सिकोंतील युकातान येथें जमिनीखालीं गाडलेलें सुमारें १८० किलोमीटर रुंदीचें विवर त्याच आघाताचें असल्याचें दाखविण्यांत आलें.

दरम्यान रॉप व सेपकोस्की यांनीं १९८४ सालीं असा हिशेब मांडला कीं, असे संहार दर २ कोटी ६० लक्ष वर्षांनीं होतात. त्यावरून अल्वारेझ यांचेच शिष्य मुलर व त्यांचे सहकारी म्हणाले कीं, सूर्याला एक मंदप्रभ सहचर तारा असावा. तो ठराविक काळानें दूरच्या धूमकेतूंना ढवळून पृथ्वीकडे लोटीत असावा. सूड घेणाऱ्या ग्रीक देवतेवरून त्यांनीं त्याला 'नेमेसिस' हें नांव दिलें. २००९ सालीं सोडलेल्या 'वाइज' या अवरक्त दुर्बिणीनें सारें आकाश धुंडाळलें. असा तारा कोठेंच सांपडला नाहीं.

एकाच विद्यापीठांतील या दोन कल्पना. विलक्षणपणांत एकीहून दुसरी कमी नव्हती. एक तरली, एक बुडाली. तथापि दोहोंनींही 'कोठें पाहावें' हें स्पष्ट सांगितलें, हें त्यांचें मोठेपण होय.

तरलेल्या कल्पनेचीही परीक्षा अद्याप संपलेली नाहीं. बहुतेक शास्त्रज्ञ आघाताच्या बाजूचे असले, तरी सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं, त्याच सुमारास, दख्खनमध्यें लाव्हारसाचे प्रचंड लोट वाहत होते. त्या उद्रेकांतील वायूच या संहाराचें मुख्य कारण होत, असें गेर्टा केलर यांच्यासारखे अभ्यासक मानितात. सह्याद्रीच्या ज्या काळ्या कातळावर आपले गड उभे आहेत, तोच या वादांतील एक साक्षीदार आहे. त्याची साक्ष पुरी होईपर्यंत नव्या कल्पनेला हंसण्याची किंवा जुनीपुढें मान तुकविण्याची घाई आपण करूं नये, हेंच बरें.