नाणक-छायाचित्रण

नाण्याचा ठसा, त्यावरील अक्षरे व धातूची स्थिती यांची अभ्यासोपयोगी नोंद करण्यासाठी नाणे अगदी जवळून, पुष्कळदा मूळ आकाराएवढे वा त्याहून मोठे टिपण्याचे तंत्र. नाणे लहान, उठावाचे व चकाकणारे असल्याने साधनांची निवड येथे केवळ सोयीची बाब राहत नाही. नाण्याच्या वाचनाची विश्वसनीयता तीवर अवलंबून असते.

छायाचित्रणाचा प्रसार होण्यापूर्वी नाणी हाताने रेखाटून कोरीत. जेम्स प्रिन्सेप (१७९९–१८४०) याने १८३० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केलेले नाण्यांचे चित्रफलक असेच तयार झाले होते. अशा चित्रात रेखाटणाऱ्याचे वाचनही नकळत उतरे. ब्रिटिश म्यूझीयमच्या ग्रीक नाण्यांच्या सूचीच्या पहिल्या खंडात (१८७३) लाकडी ठशांची चित्रे होती. पुढील खंडांत नाण्यांच्या प्लॅस्टर साच्यांची छायाचित्रे घेऊन फलक छापण्यात येऊ लागले. स्विस नाणकशास्त्रज्ञ फ्रीड्रिख इमहोफ-ब्लूमर (१८३८–१९२०) याने अशा साच्यांचा मोठा संग्रह केला. साच्याचा पृष्ठभाग एकरंगी व चकाकीरहित असल्याने ठसा स्पष्ट येई. मात्र धातूचा रंग व गंज यांची माहिती लोप पावे. मूळ नाण्यावरूनच घेतलेल्या विशालित छायाचित्रांचे सामर्थ्य माक्स हिर्मर याच्या ग्रीक नाण्यांवरील कामाने दाखवून दिले.

साधनांच्या दृष्टीने ३५ मिमी. फिल्मचा एकभिंगी परावर्ती कॅमेरा महत्त्वाचा ठरला. त्यात भिंगातून दिसणारे चित्रच पाहून केंद्रीकरण करता येते. १९३६ मधील किने एक्झाक्टा हा त्याचा प्रारंभीचा प्रसिद्ध नमुना. निकट छायाचित्रणासाठी खास बनविलेली माक्रो-किलार (१९५५) व मायक्रो-निक्कॉर (१९५६) ही भिंगे पुढे आली. अशा भिंगाच्या अभावी विस्तारक नळ्या किंवा भाता वापरतात. सु. १५ मिमी. व्यासाचे पश्चिम क्षत्रप नाणे २४ × ३६ मिमी. चौकटीत १ : १ प्रमाणात पुरेसे भरते. या प्रमाणात ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगापासून नाणे सु. १०० मिमी., तर १०० मिमी. भिंगापासून सु. २०० मिमी. अंतरावर असते. दिवा व परावर्तक ठेवण्यास जागा मिळत असल्याने दुसरे भिंग अधिक सोयीचे ठरते. १ : १ प्रमाणात एफ/८ द्वारक प्रकाशाच्या दृष्टीने एफ/१६ इतके होते, म्हणून उद्भासनकाल चौपट लागतो. परिणामी कंपनरहित उभा स्टँड व दूरनियंत्रित कळ महागड्या भिंगाइतकीच आवश्यक असते. द्वारक फार लहान केल्यास विवर्तनाने तपशील पुसट होतो.

तथापि निर्णायक घटक प्रकाशयोजना हा होय. तिरप्या प्रकाशात झिजलेला उठाव उमटतो. सपाट, चकचकीत नाण्यासाठी ४५° कोनात धरलेल्या काचेवरून अक्षाच्या दिशेने प्रकाश टाकतात. प्रकाश वरून येतो असे डोळा गृहीत धरत असल्याने खालून प्रकाशित केलेला उठाव खोलगट भासतो. पश्चिम क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या मस्तकामागे ब्राह्मी अंकांत शकवर्ष असते व ते बहुधा काठावर अर्धवट उतरते. एका बाजूच्या प्रकाशात एखादी रेघ लपली, तर अंक बदलतो आणि त्याबरोबर राजाचा कालही. नासिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. सत्तांतराचा हा पुरावा खालच्या ठशाच्या अवशेषांत असल्याने दोन्ही ठसे दिसण्यासाठी प्रकाशाची दिशा बदलून एकाहून अधिक छायाचित्रे घ्यावी लागतात.

हेच तत्त्व २००१ मध्ये मांडल्या गेलेल्या बहुपदी पोत-आलेखन पद्धतीत संगणकाच्या साहाय्याने वापरले आहे : कॅमेरा स्थिर ठेवून अनेक दिशांच्या प्रकाशात घेतलेली चित्रे एकत्र केल्यावर पाहणाऱ्यास प्रकाशाची दिशा हवी तशी फिरविता येते. अंकीय कॅमेऱ्यामुळे परिणाम तत्काळ दिसतो व वेगवेगळ्या पातळ्यांवर केंद्रित केलेली चित्रे जोडता येतात. दोन्ही बाजू, मोजपट्टी, वजन आणि प्रकाशाची दिशा यांच्या नोंदीशिवाय मात्र उत्तम छायाचित्रही अपुरा पुरावाच ठरते.