बँजो कुठे गेला?

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणं इंग्रजी संगीताच्या वाटेला न जाणाऱ्यांनीही कधी ना कधी ऐकलेलं असतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेऊन बसलेला एखादा मुलगा ते छेडतोच. पण ‘ईगल्स’ची मंडळी मुळात वेगळ्याच वळणाची होती, आणि ते वळण त्यांनी का सोडलं, ही कथा मला त्या गाण्याइतकीच रंजक वाटते.

१९७१ मध्ये लॉस एंजेलिसला चौघं एकत्र आले. डेट्रॉइटचा ग्लेन फ्राय, टेक्सासचा डॉन हेनली, आणि आधीच्या बँडमधून कंट्री रॉक मुरवून आलेले रँडी माइस्नर व बर्नी लेडन. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतलं बँजो, मँडोलिन, स्टील गिटारचं संगीत. त्याला रॉकचे ड्रम जोडले की झालं कंट्री रॉक. लेडन ही सगळी वाद्यं वाजवायचा. (गणपतीच्या मिरवणुकीत आपण ज्याला बँजो म्हणतो ते कळांचं बुलबुलतरंग, हा बँजो निराळा, चामडं ताणलेला, बोटांनी छेडायचा.)

पहिल्या दोन तबकड्या, १९७२ आणि १९७३ च्या, लंडनमध्ये ग्लिन जॉन्स या निर्मात्याच्या हाताखाली झाल्या. रोलिंग स्टोन्स, लेड झेपेलिन यांचं ध्वनिमुद्रण केलेला हा माणूस. खरा दणदणाट कसा असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ‘तो तुमचा प्रांत नव्हे, तुमची ताकद एकत्र मिसळणाऱ्या गळ्यांत आहे’ असं त्याचं मत. फ्राय आणि हेनलीला ते पटेना. जॉन्स ड्रमपाशी मोजकेच मायक्रोफोन ठेवी. हेनलीला ड्रम अंगावर यायला हवे होते. स्टुडिओत अमली पदार्थांना जॉन्सची बंदी होती, तोही एक काच होताच. अखेर १९७४ च्या ‘ऑन द बॉर्डर’चं काम अर्धवट टाकून मंडळी कॅलिफोर्नियात परतली. बिल सिमझिक हा नवा निर्माता आला, डॉन फेल्डर हा पाचवा वादक आला आणि इलेक्ट्रिक गिटारला धार आली.

गंमत पुढेच आहे. जॉन्सकडची दोन गाणी त्या तबकडीत राहिली होती. त्यातलं ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’ हे संथ, हळवं गाणं मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. हा त्यांचा पहिलाच पहिला क्रमांक, आणि तोही सोडून दिलेल्या निर्मात्याच्या हातचा!

पण गाडी आता वळली होती. त्याच वर्षीच्या ‘वन ऑफ दीज नाइट्स’मध्ये बँजोपेक्षा शहरी नाचाचा ठेका जास्त ऐकू येतो. फेल्डर हा लेडनचा शाळेपासूनचा मित्र, त्यानेच सुचवलेला. आणि त्याच्याच गिटारपुढे लेडनची जागा आक्रसत गेली. एकदा तर लेडनने फ्रायच्या डोक्यावर बिअर ओतली. १९७५ च्या अखेरीस तो बाहेर पडला. त्याच्या जागी आला जो वॉल्श, अस्सल रॉकवाला. वर्षभरात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ बाजारात आलं. अनेकदा मुद्रित करून, फितीचे उत्तम तुकडे कापून-जोडून घडवलेलं, कुठेही सांधा न दिसणारं.

हे सगळं पैशासाठी झालं असं म्हणणारे आहेत. मला ते अन्यायाचं वाटतं. फेल्डर आणि वॉल्शच्या त्या शेवटच्या गिटार-जुगलबंदीला व्यापारी हिशोब म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय हिशोबच करायचा तर तो उलटा लागतो. त्यांची सर्वाधिक खपलेली तबकडी ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नव्हे, तर १९७१ ते १९७५ च्या निवडक गाण्यांचा संग्रह. २०१८ मध्ये एकट्या अमेरिकेत त्याचा आकडा ३ कोटी ८० लाखांवर मोजला गेला. त्यातली सगळी गाणी लेडन बँडमध्ये असतानाची.

त्या गुळगुळीतपणाची किंमत मात्र पडलीच. १९७७ मध्ये माइस्नरही गेला, पुढच्या ‘द लाँग रन’ला दीड वर्षाहून अधिक काळ लागला, आणि १९८० मध्ये बँड फुटला. पुन्हा एकत्र यायला १९९४ उजाडलं.

आणि बँजो? ‘वन ऑफ दीज नाइट्स’मध्ये लेडनची ‘जर्नी ऑफ द सॉर्सरर’ ही शब्दांविना रचना आहे, बँजो आणि तंतुवाद्यांचा ताफा असलेली. १९७८ मध्ये बीबीसी रेडिओने ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या विज्ञान-विनोदी मालिकेसाठी तीच शीर्षकधून म्हणून घेतली. लेडनला बँड सोडून तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.