दाणा, केळे आणि बिबट्या : एका नियमाचा इतिहास

स्मरणिकेसाठी ‘सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा बहुतेकांना वाटले असेल की मी कन्व्हेयन्स, लिफ्टची दुरुस्ती आणि पाण्याची टाकी यांवर लिहीन. आयुष्यभर बँकेत आकडे जुळवलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोण करणार! पण 2001 पासूनच्या मिनिट्सच्या वह्या पुन्हा चाळल्या तेव्हा दिसले, की पार्किंगच्या खालोखाल सर्वांत जास्त शाई एकाच विषयावर खर्ची पडली आहे. प्राण्या-पक्ष्यांना खायला घालावे की घालू नये? गेल्या वर्षी कबुतरांवरून दोन सख्खे शेजारी महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते, हे आपण सगळ्यांनी पाहिले. म्हणून म्हटले, या एका नियमाचाच इतिहास लिहू. तो आपल्या सोसायटीपेक्षा पुष्कळ जुना आहे आणि अस्सल मुंबईचा आहे.

खायला घालणे हे आपल्या रक्तातच आहे. जेवणाआधी गायीचा घास बाजूला काढायचा, पितृपक्षात कावळ्याचे पान ठेवायचे, मुंग्यांच्या वारुळावर साखर टाकायची, उरलेली भाकरी दारातल्या कुत्र्याला घालायची, हे आमच्या पिढीने घरात पाहिले. पण त्या गावात घरं लांब लांब होती. कुत्रा कोणाचा आणि गाय कोणाची हे सगळ्या गावाला ठाऊक होते. तीच दया जेव्हा सात मजली इमारतींच्या दाटीत आली तेव्हा भानगड सुरू झाली.

मुंबईत या विषयावर पहिला मोठा राडा झाला तो 1832 साली. कंपनी सरकारचे राज्य होते. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने मारेकरी घरातली, दारातली कुत्रीही उचलू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. 6 जून 1832 रोजी किल्ल्यात लोकांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि गोऱ्या सैनिकांचा दाणापाणीसुद्धा अडवला गेला. जैन आणि हिंदू व्यापारीही पारशांबरोबर होते. सरकारला लष्कर बोलवावे लागले.

या दंगलीनंतर काय झाले, ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर स्वखुशीने पट्टी बसवून तिचा खर्च चालवला. म्हणजे काय, तर ज्यांना दया वाटत होती त्यांनी तिच्यासाठी जागा दिली, पैसा दिला आणि हिशेब ठेवला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर दयेचे रीतसर खाते उघडले. सरकार म्हणत होते मारा, लोक म्हणत होते मारू नका. तोडगा निघाला तो जबाबदारी घेतल्यामुळे.

तीच कल्पना पुढे पक्ष्यांच्या बाबतीत आली. शहरात जागोजागी कबुतरखाने झाले. दादरचा सर्वांना माहीत असलेला कबुतरखाना 1933 चा. त्या काळी आजूबाजूला बैठी घरे आणि तीन-चार मजली चाळी होत्या. कबुतर हा मुळात डोंगरकड्यांच्या कपारीत राहणारा पक्षी. आपण टॉवर बांधले आणि त्याला आयतेच कडे मिळाले. डक्ट, एसीच्या मागची फट, बाथरूमच्या खिडकीवरचा सज्जा, सगळीकडे बिऱ्हाड! एका वेळी दोन अंडी, आणि दाणा बारमाही मिळत असेल तर पिल्लेही बारमाही. विष्ठा वाळून तिची भुकटी हवेत उडते आणि त्यातून काहींना फुप्फुसाचा जुनाट आजार होतो, हे डॉक्टर अलीकडे वारंवार सांगतात. दाणा टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण खोकतो तो वरच्या मजल्यावरचा माणूस.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. मुलुंडला राहणाऱ्या आपल्या सर्वांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे गच्चीवरून दिसणारी हिरवी भिंत. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई-ठाण्याच्या पोटात टिकले, त्यामागे पाण्याचा मोठा वाटा आहे. विहार तलाव 1860 मध्ये आणि तुळशी तलाव 1879 मध्ये पूर्ण झाला, आणि तलावांच्या पाणलोटासाठी आजूबाजूचे रान राखले गेले. पाण्यासाठी राखलेल्या रानात बिबटे राहिले. इमारती मात्र त्यांच्या कुंपणापर्यंत गेल्या. त्यात आपलीही इमारत आली, हे मान्य केले पाहिजे.

आपण इथे राहायला आलो आणि लगेचच ती भीतीची वर्षे आली. 2002 ते 2004 या काळात उद्यानाच्या कडेला बिबट्यांचे हल्ले वाढत गेले. एकट्या जून 2004 मध्ये दहा माणसे गेली. संध्याकाळी सातनंतर आपले गेट बंद व्हायचे आणि मुलांना क्लासवरून आणायला चार-चार पालक एकत्र जायचे, ते आठवत असेल. त्या वेळी वन खात्याने जंगलात डुकरे आणि ससे सोडले, बिबट्याला खायला! म्हणजे जंगली प्राण्याला खाऊ घालण्याचा प्रयोग सरकारनेही करून पाहिला. पण बिबट्या कुंपणाबाहेर येत होता तो कशासाठी? भटक्या कुत्र्यांसाठी. कुत्री कशासाठी होती? कचराकुंडीतल्या उरल्यासुरल्या अन्नासाठी. आणि कुंडीत अन्न कोणी टाकले होते, हे मी वेगळे सांगायला नको. बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला की प्रश्न मिटत नाही, उलट चिघळतो, हे विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून पुढे आले. 2011 पासून वन खात्याने नागरिकांना बरोबर घेऊन जनजागृती सुरू केली. तिचा गाभा साधा होता : कचरा उचला, उजेड ठेवा, मुलांना एकटे सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. तरीही जानेवारी 2018 मध्ये बिबट्या रेल्वेलाईन ओलांडून पार मुलुंड पूर्वेला नानेपाड्यात शिरला आणि सहा जण जखमी झाले. धोका संपला असे कोणी समजू नये.

आपल्या सोसायटीला मात्र हा नियम बिबट्याने शिकवला नाही, माकडांनी शिकवला. सुरुवातीला उन्हाळ्यात मागच्या आंब्यावर एखादी टोळी यायची आणि जायची. मग सी विंगमधल्या आजी शनिवारी त्यांना केळी देऊ लागल्या. मारुतीचा वार, भावना शुद्ध. महिन्याभरात माकडांना शनिवार कळला आणि पुढच्या महिन्यात त्यांनी सगळेच वार शनिवार करून टाकले. वॉचमनचा डबा गेला, दुसऱ्या मजल्यावरचे देवघर विस्कटले, आणि एक दिवस बी विंगमधल्या सात वर्षांच्या मुलाच्या हातातला बिस्किटाचा पुडा ओढताना माकडाने त्याला बोचकारले. त्या लेकराला रेबीजची इंजेक्शने घ्यावी लागली. विशेष सभा झाली, आवाज चढले. कोणी म्हणाले फटाके लावा, कोणी म्हणाले आजींना नोटीस द्या.

शेवटी वन खात्याला कळवले. पिंजरा आला आणि त्यात आमिष म्हणून केळीच ठेवली. सगळ्यांत आधी आत शिरला तो मोठा हुप्प्या, जो आजींच्या हातून केळं घ्यायचा. माणसाची भीती त्यालाच सर्वांत कमी होती. त्याला गाडीत घालून नेले, तेव्हा आजी खाली उतरून आल्या होत्या. “कुठे सोडणार हो त्याला?” एवढेच त्यांनी विचारले. लांबच्या जंगलात, असे उत्तर मिळाले. टोळीपासून तुटलेले माकड अनोळखी रानात, दुसऱ्या टोळ्यांच्या हद्दीत किती टिकते, हे कोणी बोलले नाही. पुढच्या वार्षिक सभेत ‘सोसायटीच्या आवारात वन्य प्राण्यांना खायला घालू नये’ हा ठराव आला. त्याला अनुमोदन दिले ते आजींनी. मिनिट्समध्ये त्यांची सही आहे. त्या आज हयात नाहीत, पण या नियमावर सही करण्याचा त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणालाच नव्हता.

कायद्याचे म्हणाल तर लोक तीन खात्यांची एकत्र गल्लत करतात. पहिले खाते वन्य प्राण्यांचे. तिथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि वन खाते. या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणेसुद्धा येते, हे अनेकांना माहीत नसते. माकड स्वतः पकडणे, हाकलण्यासाठी जखमी करणे हे आपले काम नव्हेच. दुसरे खाते भटक्या कुत्र्यांचे. 2023 च्या नियमांप्रमाणे त्यांना खायला घालण्याची जागा रहिवासी संघटनेने ठरवायची, आणि ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून, येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर हवी. 22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावर कुठेही खायला न घालता ठरवून दिलेल्या जागीच घाला, असे सांगितले. तिसरे खाते कबुतरांचे आणि ते महापालिकेकडे. 2006 च्या स्वच्छता उपविधींप्रमाणे नेमून न दिलेल्या जागी दाणे टाकल्यास 500 रुपये दंड आहे.

या तिसऱ्या खात्यावर 2025 मध्ये काय वादळ उठले ते ताजेच आहे. जुलैमध्ये विधान परिषदेत मुंबईतल्या 51 कबुतरखान्यांचा विषय निघाला, पाठोपाठ उच्च न्यायालयाने दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि 6 ऑगस्टला आंदोलकांनी ती ताडपत्री फाडली. 1832 ची आठवण व्हावी असेच ते दृश्य होते. पुढे महापालिकेने वरळी, अंधेरी, गोराई आणि आपल्या जवळचा ऐरोली-मुलुंड नाका अशा चार ठिकाणी सकाळी 7 ते 9 एवढीच परवानगी दिली. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनंतर आपण पुन्हा तिथेच आलो : जागा ठरवा, वेळ ठरवा, साफसफाईचा वाली ठरवा.

आपल्या इमारतीतील जैन कुटुंबांचे मन या प्रकरणात दुखावले गेले, हे मी जवळून पाहिले. त्यांच्या जीवदयेला कोणी हसू नये. भुलेश्वरची पांजरपोळ ज्या भावनेतून उभी राहिली, तीच ही भावना. पण चौथ्या मजल्यावरच्या दम्याच्या काकूंचाही श्वास हा जीवच आहे. त्या दोन्ही घरांनी मिळून काढलेला मार्ग मला आवडला. दर महिन्याला दाण्यावर होणारा खर्च आता जखमी पक्ष्यांच्या उपचारासाठी दिला जातो, आणि डक्टला जाळी बसवण्याची वर्गणीही पहिल्यांदा त्याच घरातून आली.

सध्याचे आपले नियम नव्याने राहायला आलेल्यांसाठी इथे लिहून ठेवतो. माकडांना काही द्यायचे नाही, खिडकीत फळे ठेवायची नाहीत. कुत्र्यांचे खाणे मागच्या गेटजवळ पंपरूमशेजारी, सकाळी साडेसहाला. सूर्यास्तानंतर कधीच नाही, कारण कुत्र्यांमागे कोण येते ते आपल्याला माहीत आहे. ओला कचरा संध्याकाळी बाहेर ठेवायचा नाही. खिडकीत, गच्चीत दाणे टाकायचे नाहीत. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवा, मात्र रोज धुवा. आणि पितृपक्षात कावळ्यासाठी गच्चीवर पान ठेवायला आजवर कोणी अडवले नाही, पुढेही अडवणार नाही. फक्त तासाभराने वर जाऊन पान उचलून आणावे, एवढी माझी सर्व यजमानांना विनंती आहे.