मामाची शुगर आणि लॅन्सेटमधला फोटो

गेल्या शनिवारी अमरावतीला, राजापेठेत मामाकडे गेलो होतो. मामा म्हणजे काटकुळा माणूस. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं किंचित सुटलेलं. चहा आला, तर मामाचा कप बिनसाखरेचा!

"शुगर निघाली ना बे! आता माह्या अंगावर चरबी हाय कुठी, सांग?"

प्रश्न डोक्यात राहिला. परत आल्यावर वाचत बसलो आणि उत्तर आपल्या पुण्यातच सापडलं.

पण आधी थोडं मागे जाऊ. 1994 पर्यंत चरबी म्हणजे शरीराचं गोडाऊन, एवढीच बहुतेकांची समजूत होती. आपल्या भाषेत, नुसती हार्डडिस्क. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला उंदरांत लेप्टिनचं जनुक सापडलं. हे हार्मोन चरबीच तयार करते आणि 'साठा पुरेसा आहे' असा निरोप मेंदूला पाठवते. गंमत म्हणजे लठ्ठ माणसात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू दाद देत नाही. 1995 मध्ये अ‍ॅडिपोनेक्टिन सापडलं. ते इन्शुलिनला नीट काम करू देतं. पण पोटातली चरबी वाढली की नेमकं हेच कमी होतं, आणि डायबिटीसचा धोका वाढतो.

आता पुणे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. पण हा फरक सगळीकडे सारखा नव्हता. स्नायू कमी, चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत! 2002 साली पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासून झालेला अभ्यास छापून आला. वजनाच्या मानाने पुण्याच्या बाळांत लेप्टिन आणि इन्शुलिन जास्त होतं. म्हणजे 'बारीक पण चरबीदार' हा प्रकार जन्मापासूनच. पिढ्यान् पिढ्यांचं कुपोषण हे त्याचं एक कारण असावं, असं याज्ञिक मांडतात.

2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो आला. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी? युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2 टक्के! दोघांची आडनावं इंग्रजीत 'वाय'ने सुरू होतात, म्हणून नाव पडलं 'वाय-वाय पॅराडॉक्स'.

तर मंडळी, नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80.

रविवारी फोनवर मामाला हे सगळं सांगितलं. मामाने मामीची शिलाईची टेप काढली. 94 भरले. मग म्हणाला, "आता तुही मोज बाप्पा." दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणारा मी... 92.

असो. सोमवारी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जातोय.