छापील भाव आणि हाती पडणारा पैसा

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतील अण्णांच्या माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली उतरली. अण्णा पोस्ट खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. शाळकरी वयापासून जमविलेली इंद्रजाल कॉमिक्सची मराठी पुस्तके त्यांनी त्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून जपली होती. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने सुरू केलेली ही मालिका १९९० साली बंद पडली. तिच्यातील वेताळ आणि मँड्रेक ज्यांनी उशीखाली लपवून वाचले, त्यांना त्या पेटीची किंमत वेगळी सांगायला नको. परंतु अण्णांना या वेळी तिची दुसरी किंमत हवी होती. पावसाळ्यापूर्वी घर शाकारायचे होते, दोन वासे कुजले होते, आणि अमेरिकेत अशाच एका जुन्या चित्रकथेला साठ लाख डॉलर मिळाल्याची बातमी त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी मला विचारले, "बाई, या पुस्तकांच्या भावाचे तिकडे एक पुस्तकच निघते म्हणतात. त्यात छापलेला भाव विकणाऱ्याच्या हाती खरोखर पडतो का हो?"

श्रोतेहो, प्रश्न साधा होता. उत्तरासाठी मात्र मला त्या देशातील जवळजवळ नव्वद वर्षांच्या इतिहासात शिरावे लागले.

त्या इतिहासाचा आरंभ दहा सेंटांच्या एका पुस्तकापासून होतो. जून १९३८ असा महिना छापलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन प्रथम अवतरला. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी या नायकावरील सर्व हक्क १३० डॉलरला देऊन टाकले होते. त्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्या. आज त्यांतील शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. मग बाकीच्या गेल्या कोठे? ज्या गोष्टीची कुणालाच किंमत नसते, ती जेथे जाते तेथे गेल्या. मुलांनी त्या फाडल्या, आयांनी चुलीत घातल्या. दुसऱ्या महायुद्धात सरकारने रद्दी कागद मागितला, तेव्हा शाळाशाळांतून मुलांनी आपली पुस्तके मोठ्या अभिमानाने देशकार्याला दिली.

युद्ध संपल्यावर आणखी एक लाट आली. ही पुस्तके मुलांना गुन्हेगारीकडे नेतात, असा समज पसरला आणि ती गोळा करून त्यांच्या होळ्या पेटू लागल्या. १९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी एका कॅथॉलिक शाळेच्या मुलांनी दारोदार फिरून सुमारे दोन हजार पुस्तके जमविली आणि शाळेच्या आवारात जाळली. मी स्वतः कॅथॉलिक शाळेत शिकले आणि शाळेतच शिकविते. ही हकिकत वाचताना मला काहीसे ओशाळल्यासारखे झाले. त्या शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. पण जाळण्याआधी त्यांतली किती पुस्तके त्यांनी उघडून पाहिली असतील, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. पुढे १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम यांचा या पुस्तकांवर कठोर हल्ला करणारा ग्रंथ निघाला, अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. आज त्या काळातील प्रतींना जो दुर्मिळपणा आला आहे, तो अशा रीतीने रद्दीवाल्याने आणि आगीने दिलेला आहे.

साठीच्या दशकात ही पुस्तके वाचून वाढलेली मुले कमावती झाली आणि आपले हरवलेले बालपण विकत घेऊ लागली. एका दुकानात जो अंक एका डॉलरला, तोच पलीकडच्या शहरात वीस डॉलरला. कोणत्या मालिकेचे किती अंक निघाले, याचीही धड यादी नव्हती. तेव्हा टेनेसी राज्यातील क्लीव्हलँड गावचे रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० साली स्वतःच एक मूल्यदर्शिका छापून काढली. पहिल्या खेपेला प्रती अवघ्या एक हजार, किंमत पाच डॉलर. मालिकांची नावे, अंक, साल आणि प्रत्येक अंकापुढे प्रतीच्या अवस्थेनुसार भावाचे तीन रकाने. 'ॲक्शन'च्या पहिल्या अंकाच्या उत्तम प्रतीपुढे त्यांनी आकडा घातला तीनशे डॉलर. दहा सेंटांच्या पुस्तकाला तीनशे डॉलर, हे वाचून तेव्हा अनेकांना हसू आले असेल. परंतु १९७३ साली एका तरुणाने त्याच अंकासाठी १,८०१ डॉलर २६ सेंट मोजले, आणि ती वर्तमानपत्रांची बातमी झाली.

ओव्हरस्ट्रीट हे मूळचे नाण्यांचे शौकीन होते, आणि येथे मला या साऱ्या गोष्टीचे मर्म सापडले. अमेरिकेत नाणी जमविणाऱ्यांसाठी दोन पुस्तके फार वर्षांपासून निघत आली आहेत. एक निळ्या बांधणीचे, १९४२ पासूनचे. व्यापारी तुमच्याकडून नाणे घेताना काय देईल, हे त्यात असते. दुसरे लाल बांधणीचे, १९४६ साली प्रथम निघालेले. व्यापारी तुम्हांला तेच नाणे विकताना काय मागेल, हे त्यात असते. दोन्ही एकाच संपादकाची, आर. एस. योमन यांची, आणि आकडे मात्र निराळे. चित्रकथांच्या वाट्याला यांतले एकच पुस्तक आले, आणि ते लाल पुस्तकाच्या जातीचे होते. निळे पुस्तक निघालेच नाही. सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

आपल्या घरांत तरी हे कळायला कठीण जाऊ नये. सराफाच्या फळ्यावर सोन्याचा भाव लिहिलेला असतो. तुम्ही पाटल्या घडवायला जा, त्या भावावर मजुरी चढते. त्याच पाटल्या अडचणीच्या वेळी मोडायला न्या. मजुरी गेली, घट धरली, डाग धरला, आणि हाती येते ते फळ्यावरच्या भावाहून कमीच. त्यात सराफ लबाड असलाच पाहिजे असे नाही. त्याला दुकानाचे भाडे आहे, नोकर आहेत. जुन्या चित्रकथांच्या व्यापाऱ्याला तर याहून मोठी अडचण असते. सोने उद्या विकले जाते. चित्रकथेचा गिऱ्हाईक कदाचित पाच वर्षांनी येईल. म्हणून सर्वांना हव्या असलेल्या अंकाला तो छापील भावाचा बराचसा हिस्सा देतो, सामान्य अंकाला अगदी थोडा, आणि काही अंकांना तो हातच लावत नाही. ते छापील भावाने विकत घेणारा कुणी नसतोच. दर्शिकेत मात्र त्यांच्यापुढेही आकडा असतो, कारण रकाना रिकामा ठेवता येत नाही.

तेव्हा दर्शिका खोटे सांगते, असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. तिच्या सल्लागारांत विक्रेत्यांचाच भरणा अधिक, हे खरे. वर्षातून एकदा निघणारे पुस्तक बाजाराच्या मागे राहणार, हेही खरे. पण ती चुकते तेव्हा नेहमी एकाच दिशेने चुकते, असे नाही. १९७७ सालची एक घटना पाहा. कोलोराडो राज्यातील डेन्व्हर शहरात एडगर चर्च नावाच्या जाहिरातचित्रकाराच्या घरी अठरा हजारांहून अधिक चित्रकथा निघाल्या. थंड कोरड्या हवेत, घट्ट रचून ठेवल्यामुळे त्या काल छापल्यासारख्या राहिल्या होत्या. चक रोझान्स्की या तरुण व्यापाऱ्याने तो साठा विकत घेतला आणि दर्शिकेतील भावाहून चढ्या किमती मागितल्या. गिऱ्हाइके संतापली, छापील भावाहून जास्त मागणे म्हणजे लूट, असे त्यांना वाटले. पण अशा प्रती पुन्हा दिसणार नाहीत हे ओळखून त्यांनी पैसे मोजले. म्हणजे अत्युत्तम प्रतीच्या बाबतीत छापील आकडा अपुरा पडला. हा छापील आकड्याचा दुसरा गुण, किंवा अवगुण म्हणा: तो भाव नोंदवितो आणि घडवितोही. खरेदीदार त्याच्या वर जायला कचरतो, विक्रेता खाली यायला.

याचा पुरेपूर अनुभव १९९० नंतर आला. जुन्या अंकांचे आकडे वाचून लोक नवे अंक ठेव म्हणून घेऊ लागले. १९९१ साली 'एक्स-मेन'च्या नव्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. १८ नोव्हेंबर १९९२ रोजी सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला, तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या. साठ लाखांच्या घरात प्रती गेल्या. एका काळ्या पिशवीत बंद करून तो अंक मिळे, आणि पुष्कळांनी ती पिशवी फोडलीच नाही. १९३८ चा अंक मोलाचा झाला, कारण तो कुणी जपला नाही. १९९२ चा अंक सर्वांनीच जपला. तो मोलाचा व्हायचा कसा? आजही त्याच्या प्रती किरकोळ किमतीला मिळतात. बाजार कोसळला, शेकडो दुकाने बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हलसारख्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पुढे दोन गोष्टी घडल्या. आंतरजालावर लिलाव होऊ लागल्यामुळे कोणती प्रत प्रत्यक्षात कितीला गेली, हे सर्वांना दिसू लागले. आणि २००० साली प्रती तपासून, दहापैकी गुण देऊन, कठीण प्लॅस्टिकच्या कवचात बंद करून देणारी एक संस्था निघाली. पूर्वी 'उत्तम' म्हणजे काय, यावर विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे भांडण होई. आता गुणच बोलू लागले. येथे दर्शिकेची मर्यादा पुन्हा उघडी पडली. तिचा शेवटचा रकाना नऊ पूर्णांक दोन गुणांपाशी थांबतो, आणि धनिकांची खरी चढाओढ त्याच्या पुढे चालते. साडेनऊ ओलांडलेल्या प्रतीला लिलावात काय येईल, हे त्या दिवशी सभागृहात किती हट्टी माणसे आली आहेत, यावर ठरते.

'ॲक्शन'च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०१० च्या फेब्रुवारीत दहा लाख डॉलरला गेली. २०१४ साली दुसरी प्रत बत्तीस लाखांना, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये आणखी एक साठ लाखांना. अण्णांनी ऐकलेली बातमी ही. मात्र अशा आकड्यात बहुधा लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेले शुल्कही धरलेले असते. विकणाऱ्याच्या हाती तेवढे पडत नाही. सुपरमॅनच्या ज्या मोबदल्यापोटी सीगल आणि शूस्टर यांना १३० डॉलर मिळाले, तो धनादेशदेखील २०१२ साली लिलावात निघाला आणि एक लाख साठ हजारांना विकला गेला. तेव्हा ते दोघेही हयात नव्हते.

हे सारे मी अण्णांना एका संध्याकाळी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्याकडे लाल पुस्तकही नाही आणि निळेही नाही." ते खरेच आहे. इंद्रजालच्या मराठी अंकांना सर्वमान्य अशी मूल्यदर्शिका नाही. विकणारा मागेल आणि घेणारा देईल, तोच भाव.

पुढच्या रविवारी जुन्या पुस्तकांचा एक व्यापारी येऊन पेटी पाहून गेला. त्याने पाने उलटली. काही अंकांची मुखपृष्ठे गेलेली, काहींवर लहानपणच्या अण्णांनी स्वतःचे नाव आणि इयत्ता ठळक शाईने लिहिलेली, वेताळाच्या दोन चित्रांना मिशा काढलेल्या. त्याने एकेका पुस्तकाचा भाव करायचे नाकारले आणि साऱ्या पेटीची मिळून एक रक्कम सांगितली. घासाघीस करून ती थोडी वाढली. अण्णांनी वेताळाचे बारा अंक बाजूला काढून घेतले आणि उरलेली पेटी दिली. त्या पैशांत दोन्ही वासे आणि पुढल्या बाजूची कौले झाली. मागची बाजू या पावसाळ्यात ताडपत्रीखालीच राहिली.