आधी पाणी, मग शोभा : चिऱ्याच्या वास्तूंचा इतिहास

देवालयाच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला, म्हणजे महाजनांच्या बैठकीत प्रथम चर्चा होते ती सभामंडपातील संगमरवराची, रंगाची आणि दीपमाळांच्या रोषणाईची. जोत्यालगत दर पावसाळ्यात उमटणाऱ्या ओलीच्या रेघेचा विषय बहुधा शेवटी येतो, आणि नव्या गिलाव्याने ती झाकून टाकावी, एवढ्यावर संपतो. ओल अशी झाकली जात नाही, ही गोष्ट गोमंतकातील चिऱ्याच्या वास्तूंच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

गोमंतकातील देवळे, चर्चे, वाडे आणि किल्ले बहुतांशी एकाच दगडाचे आहेत. तो दगड म्हणजे जांभा, अर्थात चिरा. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात मलबारातील अंगडिपुरम येथील अशाच दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. विटेला लॅटिन भाषेत जो शब्द आहे, त्यावरून ते घेतलेले आहे आणि ते यथार्थही आहे. कारण खाणीतून निघताना हा दगड कुऱ्हाडीने तासता येण्याइतका मऊ असतो व वाऱ्याउन्हात टणक होतो. परंतु तो सच्छिद्र आहे. पाणी तो शोषून घेतो, आणि वर्षानुवर्षे भिजत राहिला तर झिजत, भुगा होत जातो. जेथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बव्हंशी चार महिन्यांत, तेथे असा दगड उघडा ठेवणे धोक्याचे होते.

जुन्या गवंड्यांनी हे ओळखले होते. उंच जोते, भिंतीच्या पुढे झुकलेले कौलारू छप्पर आणि चुन्याचा गिलावा, या तीन गोष्टींवर त्यांनी भिस्त ठेवली. चुन्याचा गिलावा पावसाचा मारा स्वतः सोसतो आणि भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू देतो. तो झिजला की पुन्हा लावावयाचा, ही वहिवाटच होती. चिरा टिकावा म्हणून चुन्याने झिजावे, असा हा व्यवहार होता.

हा व्यवहार मोडल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण जुने गोवे येथील बॉम जेझूस बासिलिकेचे आहे. या वास्तूची पायाभरणी १५९४ साली झाली आणि १६०५ साली तिचा अभिषेकविधी झाला. साडेतीन शतकांच्या सुमारास, म्हणजे १९५० नंतरच्या दशकात, पोर्तुगीज वास्तुशास्त्रज्ञ बाल्ताझार काश्त्रो यांच्या देखरेखीखाली तिच्या बाहेरच्या भिंतींवरील गिलावा काढून टाकण्यात आला. उघड्या तांबूस चिऱ्यामुळे वास्तू अधिक पुरातन भासेल, अशी त्यामागची कल्पना होती. रूप पालटले खरे. तेच रूप आज जगभर छायाचित्रांतून ओळखले जाते. परंतु तेव्हापासून प्रत्येक पावसाळा थेट चिऱ्यावर कोसळत आला. १९८६ साली ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेली, तरी दगडाची झीज थांबली नाही. २०२० साली तेथील रेक्टरांनी या हानीविषयी जाहीरपणे चिंता व्यक्त केली. समोरच्या से कॅथेड्रलच्या भिंती मात्र चुन्याने पांढऱ्या राहिल्या. शोभेचा विचार आधी आणि पाण्याचा नंतर, हा क्रम किती महाग पडतो, ते एका रस्त्याच्या दोन बाजूंना दिसते.

देवालयांत चूक घडते ती बहुधा याच्या उलट प्रकारची. बासिलिकेचे कवच काढले गेले. देवळाला नको ते कवच चढविले जाते. फोंडा महालातील अनेक देवालये डोंगराच्या पायथ्याशी आहेत. उतारावरून मुरलेले पाणी जोत्याखाली येते आणि चिऱ्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. भिंतीला चुना असेल तर ते वाटेत सुकून जाते. सिमेंटचा गिलावा दिला, की त्याची वाट बंद होते व ओल आणखी वर चढते. जमिनीवर लाद्या घट्ट बसविल्या, की खालची वाफ बाजूंच्या भिंतींकडे वळते. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाखाली साचून त्यांचे स्फटिक बनतात. ते फुगतात आणि रंगासह गिलाव्याचे पोपडे पाडतात. दोष रंगाचा मानला जातो आणि पुढच्या उत्सवापूर्वी पुन्हा रंग दिला जातो.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम छप्पर व पन्हळी. नंतर डोंगराच्या बाजूस चर खणून पाणी देवळाला वळसा घालून नेणे. जोत्याभोवतीची चढलेली माती काढणे व पागोळ्यांचे पाणी वाहून जाईल असे गटार बांधणे. त्यानंतर एक पावसाळा वाट पाहून भिंती खरोखर सुकल्या की नाही, ते तपासणे. मग चुन्याचा गिलावा, आणि लादी व रंग सर्वांत शेवटी.

या क्रमात एक अडचण आहे, आणि ती बांधकामशास्त्राची नव्हे. संगमरवरी लादीवर देणगीदाराचे नाव कोरता येते. डोंगराकडील चरावर ते कोरता येत नाही. ज्या पूर्वजांनी संकटकाळी दैवते नदीपलीकडे नेऊन पुन्हा देवालये उभी केली, त्यांपैकी कितीकांची नावे आज कोणत्याही दगडावर नाहीत. त्यांनी उभारलेली भिंत पुढील पिढ्यांच्या स्वाधीन कोरडी करणे, हीदेखील देवाची सेवाच होय.